इतिहास शिकायला परदेशी जायचंय? मुंबईत राहून करायची तयारी

बीए झाल्यावर इतिहासासाठी परदेशी जायचं म्हटलं, की घरात दोन प्रश्न हमखास येतात: पैसे किती लागतील आणि पुढे करणार काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींवर पुढे लिहिलं आहे. पण त्याआधी विद्यार्थ्याने स्वतःलाच एक प्रश्न विचारायला हवा. मला नेमकं काय शोधायचंय, आणि त्याचे कागद कुठे आहेत? इंजिनिअरिंगला किंवा मॅनेजमेंटला जाणारी मुलं रँकिंगची यादी बघून विद्यापीठ ठरवतात आणि त्यात त्यांचं फारसं बिघडत नाही. इतिहासाचं तसं नाही. तुमच्या विषयाचा जाणकार त्या विभागात नसेल आणि दप्तरं दुसऱ्याच देशात असतील, तर पहिल्या दहातल्या विद्यापीठाचाही तुम्हाला उपयोग नाही. म्हणून आधी प्रश्न ठरवा, देश त्यातून ठरेल.

प्रश्न कसा ठरवायचा

‘मुंबईचा इतिहास’ हा विषय झाला. त्याचा प्रश्न व्हायला तो बराच खाली आणावा लागतो. उदाहरणार्थ, १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले. मग ज्यांच्या खोल्या पाडल्या ते भाडेकरू गेले कुठे? एवढा नेमका प्रश्न हातात आला की पुढचं आपोआप सुचतं. मुंबई सरकारची दप्तरं काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात आहेत. लंडनला गेलेला पत्रव्यवहार आणि अहवाल ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस (लंडनहून भारताचा कारभार बघणारं खातं) संग्रहात आहेत. म्हणजे या विद्यार्थ्यासाठी लंडन किंवा तिथून जवळचं विद्यापीठ सोयीचं.

आता दुसरा विद्यार्थी घ्या. त्याला वसईचं वेड आहे. १५३४ ते १७३९ वसई पोर्तुगीजांकडे होती. त्या काळातल्या गावांच्या, जमिनींच्या, चर्चच्या नोंदी शोधायला लिस्बनला तोर्रे दो तोंबो आणि सागरपार वसाहतींच्या ऐतिहासिक अभिलेखागारात जावं लागतं, शिवाय गोव्याच्या पुराभिलेखागारातही. त्याने ऑक्सफर्डच्या नावावर भुलून तिकडे जाण्यापेक्षा आजपासून पोर्तुगीज शिकायला लागावं. वेंगुर्ल्याच्या डच वखारीवर काम करायचं तर कागद हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि लायडन विद्यापीठ तिथून रेल्वेने अगदी जवळ. लायडनला वसाहतींच्या आणि जागतिक इतिहासाचा एमए अभ्यासक्रम आहे, त्यात इंग्रजीतून शिकता येतं. पण सतराव्या शतकातलं डच हस्ताक्षर वाचायला वेगळं शिकावंच लागतं.

कधी कधी उत्तर ‘इथेच थांबा’ असंही येतं. तुमचा प्रश्न अठराव्या शतकातल्या एखाद्या परगण्याच्या महसुलाचा असेल, तर मुख्य साधनं पुण्यात पेशवे दप्तरात, मोडी लिपीत आहेत. अशा विद्यार्थ्याने एमए मुंबईत किंवा पुण्यात करावं, दोन वर्षं ती दप्तरं चाळावीत आणि मग पीएचडीला बाहेर पडावं. कर्ज काढून वर्षभराचं एमए करण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक. भारतातून गेलो म्हणून भारतावरच लिहिलं पाहिजे अशी सक्ती नाही. मध्ययुगीन युरोप, चीन, आफ्रिका यांपैकी काहीही शिकता येतं. फक्त त्या त्या भाषेची तयारी बीएपासून दाखवता आली पाहिजे. मध्ययुगीन युरोपासाठी लॅटिनशिवाय कुणी गंभीरपणे बघत नाही.

मुंबईत काय करून ठेवायचं

मुंबईच्या विद्यार्थ्याजवळ जे आहे ते परदेशातल्या अनेक पीएचडीवाल्यांना मिळवायला वर्षं लागतात, आणि बहुतेकजण त्याचा उपयोगच करून घेत नाहीत. पुराभिलेखागाराशिवाय टाउन हॉलमध्ये १८०४ साली स्थापन झालेली एशियाटिक सोसायटी आहे. सेंट झेवियर्समध्ये फादर हेरास यांनी १९२६ मध्ये उभारलेली संस्था आहे. पारशी आणि इराणी विषयांसाठी फोर्टात कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. जुन्या मराठी पुस्तकांसाठी आणि नियतकालिकांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. कॉलेजच्या विभागप्रमुखांचं शिफारसपत्र, ओळखपत्र आणि कामाचा चार ओळींचा हेतू एवढं घेऊन गेलात की सुरुवात होते. पहिले काही दिवस काहीच हाती लागत नाही, सूची कशी वाचायची हेच कळत नाही. तिथल्या कर्मचाऱ्यांशी नम्रपणे बोला. कोणत्या खात्याचे खंड कुठे असतात ते त्यांना पाठ असतं.

सुट्ट्यांत जाऊन मूळ कागदांवर आधारलेला एक निबंध लिहा. चार-पाच हजार शब्द पुरेत. तळटीपा नीट, संदर्भ नीट. अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या बऱ्याच विभागांना अर्जासोबत लेखनाचा नमुना लागतो आणि निवड करणारे प्राध्यापक तो खरोखर वाचतात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतलं लेखन तिथे चालत नाही. ‘अमुक घटनेची कारणे व परिणाम’ या साच्यातून बाहेर येऊन ‘आतापर्यंतचे अभ्यासक असं म्हणतात, मला हे कागद पाहिल्यावर तसं वाटत नाही, कारण…’ असं लिहिता आलं पाहिजे. आपल्याकडच्या बीएत हे शिकवलं जात नाही, त्यात मुलांचा दोष नाही. म्हणूनच तो निबंध आधी लिहून एखाद्या कडक शिक्षकाकडून दोनदा तपासून घ्यायला हवा.

मोडी शिका. मुंबई-पुण्यात अल्प मुदतीचे वर्ग चालतात. काही महिन्यांत अक्षरं येतात, पुढचा सराव मात्र रोज एक कागद वाचूनच होतो. मराठी आणि मोडी येणं हे अर्जातलं तुमचं सगळ्यात मोठं भांडवल आहे. परदेशातल्या विभागांना दक्षिण आशियावर काम करणारे विद्यार्थी मिळतात, पण मूळ मराठी साधनं वाचणारे फार थोडे मिळतात. जर्मनीच्या हायडेलबर्ग विद्यापीठातल्या दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोंथायमर यांनी खंडोबा, विठोबा आणि धनगरांच्या मौखिक परंपरेवर आयुष्यभर काम केलं. मराठीला तिथे मान आहे तो अशा माणसांमुळे. तेव्हा अर्जात ‘मातृभाषा मराठी’ असं एका शब्दात उरकू नका. मोडी किती वाचता येते, जुनं मराठी गद्य वाचलंय का, हिंदी, उर्दू, फारसी यांतलं काय येतं, हे स्पष्ट लिहा. जर्मन शिकायची तर मॅक्सम्युलर भवन काळा घोड्यालाच आहे. सकाळी दप्तर, संध्याकाळी जर्मनचा वर्ग असा दिवस एकाच परिसरात जमतो.

देशांबद्दल थोडक्यात

ब्रिटनमधलं एमए एक वर्षाचं असतं. वेळ वाचतो, पण एक अडचण फार थोडेजण आधी सांगतात. सप्टेंबरच्या अखेरीस तुम्ही पोचता आणि पुढच्या वर्षीच्या पीएचडीचे, शिष्यवृत्त्यांचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत संपतात. म्हणजे तिथल्या प्राध्यापकांना तुम्ही जेमतेम तीन महिने माहीत असता आणि प्रबंधाचं एकही प्रकरण लिहून झालेलं नसतं. पीएचडी हेच ध्येय असेल तर प्रस्तावाचा कच्चा खर्डा मुंबईहूनच घेऊन जा, किंवा मधे एक वर्ष जाणार हे धरून चाला. लंडनचं सोआस (आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाची संस्था), ऑक्सफर्ड, केंब्रिज, एडिंबरा इथे दक्षिण आशियाचा इतिहास चांगला शिकवला जातो. बारावीनंतरच पदवीला जायचं असेल तर यूकॅस या एकाच यंत्रणेतून पाच अर्ज करता येतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी एकच निवडता येतं आणि त्यांची मुदत १५ ऑक्टोबरलाच संपते. पण पदवीची तीन वर्षं, स्कॉटलंडमध्ये चार, परदेशी फी भरून करणं बहुतेक मध्यमवर्गीय घरांना झेपणारं नाही. शिष्यवृत्त्याही पदवीला फार कमी. माझा सल्ला: बीए इथे, पुढचं तिथे.

अमेरिकेत बीएनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो आणि चांगल्या विभागांत प्रवेश मिळाला की फी माफ होऊन वर निर्वाहवेतनही मिळतं, बदल्यात शिकवण्याचं काम करावं लागतं. म्हणून पैसे नसलेल्या पण तयारी पक्की असलेल्या विद्यार्थ्याला अमेरिकेची पीएचडी ब्रिटनच्या एमएपेक्षा स्वस्त पडते. काळ मात्र पाच-सहा वर्षांहून जास्त, जागा मोजक्या आणि स्पर्धा जगभरातून. मुंबई विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी काही ठिकाणी अपुरी धरतात, त्यामुळे प्रत्येक विभागाच्या पानावर सोळा वर्षांच्या शिक्षणाची अट आहे का ते बघा. शिकागो विद्यापीठाचा दक्षिण आशियाई ग्रंथसंग्रह मोठा आहे. मोल्सवर्थचा मराठी कोश आपण ऑनलाइन वापरतो तो याच विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथालयावर.

जर्मनीत बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांना शिक्षण शुल्क नाही, फक्त सत्राचं किरकोळ शुल्क भरायचं. अपवाद बाडेन-व्युर्टेम्बर्गचा. हायडेलबर्ग तिथेच येतं आणि युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. ग्योटिंगनला आधुनिक भारताच्या अभ्यासाचं एमए इंग्रजीतून आहे. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे इथली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, सक्तीचं झालंय. ते यायला वेळ लागतो, त्यामुळे सगळ्यात आधी तेच मागवा.

अर्ज

सप्टेंबरच्या प्रवेशासाठी आदल्या वर्षीच्या मे-जूनपासून कामाला लागावं. उन्हाळ्यात निबंध आणि विद्यापीठांची यादी, पावसाळ्यात इंग्रजीची आयईएल्ट्स परीक्षा आणि प्राध्यापकांना पत्रं, दिवाळीपर्यंत उद्देशपत्र (स्टेटमेंट ऑफ पर्पज) तयार. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि अमेरिकेतल्या बहुतेक मुदती डिसेंबर-जानेवारीत येतात. इतिहासासाठी आयईएल्ट्सला सात किंवा साडेसात बँड लागतात आणि लेखनात गुण कमी पडतात हा सार्वत्रिक अनुभव आहे. निकाल दोन वर्षं चालतो, तेव्हा आधी दिली तरी वाया जात नाही.

प्राध्यापकांना लिहिताना पत्र पंधरा ओळींच्या आत ठेवा. त्यांचं कोणतं लेखन वाचलं, तुमचा प्रश्न काय, कोणते कागद पाहिले, ते पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार आहेत का, एवढंच. एकच पत्र नावं बदलून वीसजणांना पाठवलं तर ते लगेच ओळखू येतं. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या.

उद्देशपत्रात ‘लहानपणापासून गडकिल्ल्यांची आवड’ ही सुरुवात टाळा. आवड खरी असते, मलाही आहे, पण निवड समितीला तुमची विचार करायची पद्धत बघायची असते. पहिल्याच परिच्छेदात तुमचा प्रश्न आला पाहिजे. दुसऱ्यात तुम्ही आतापर्यंत काय पाहिलं, काय वाचलं. मग तोच विभाग का, तिथल्या कोणत्या संग्रहाचा आणि कोणाच्या कामाचा उपयोग होईल. सूत्र तेच, पण प्रत्येक विद्यापीठासाठी हा शेवटचा भाग नव्याने लिहावा लागतो.

शिफारसपत्रांचं दुखणं आपल्याकडे खास आहे. शंभर मुलांच्या वर्गात सरांना तुमचं नाव आठवेलच असं नाही. त्यांना भेटून तुमचा निबंध, गुणपत्रिका, उद्देशपत्राचा खर्डा आणि मुदतींची यादी कागदावर छापून द्या. शिफारस त्यांनीच लिहावी, ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हा प्रकार नको. तिथे भाषेवरून ते समजतं आणि अर्ज बाद होऊ शकतो. बऱ्याच विद्यापीठांना शिक्षकांचा संस्थेचा ईमेल लागतो, जीमेल चालत नाही. अनेक कॉलेजांत तो वापरात नसतो, म्हणून ऑगस्टमध्येच विचारून चालू करून घ्यायला सांगा.

ट्रान्स्क्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या गुणांच्या अधिकृत एकत्रित नोंदीसाठी, मुंबई विद्यापीठाकडे लवकर अर्ज करा. निकालांच्या हंगामात तिथे गर्दी उसळते आणि आठवडे जातात. त्याच वेळी नावं ताडून बघा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव, पासपोर्टवर वेगळा क्रम, जन्मदाखल्यावर कधी कधी बाळाचं नावच नाही, हे मुंबईत नेहमीचं आहे. फरक असेल तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा आणि जन्मदाखल्यात नाव घालायचं काम महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आताच उरका.

पैसे

ब्रिटनमध्ये इतिहासाच्या एमएची परदेशी विद्यार्थ्यांची फी बहुतेक ठिकाणी २०,००० पौंडांच्या वर असते, नामांकित ठिकाणी बरीच जास्त. लंडनमध्ये राहण्याचा खर्च वेगळा. पूर्ण कर्ज काढून इतिहासाचं एमए करू नका, असं मी आईवडिलांसमोर बसूनही सांगतो. या पदवीनंतर पहिल्या नोकरीचा पगार त्या हप्त्याला पुरत नाही. निम्म्याहून जास्त खर्च शिष्यवृत्तीतून निघत असेल तरच उरलेल्यासाठी कर्जाचा विचार करावा.

मुंबईकरांसाठी काही दारं घराजवळच आहेत. जे. एन. टाटा एंडोवमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जशिष्यवृत्ती देत आली आहे आणि ती एकाच विषयापुरती नाही. के. सी. महिंद्र एज्युकेशन ट्रस्ट बिनव्याजी कर्जशिष्यवृत्ती देतो. दोन्हीकडे मुलाखत असते आणि ‘इतिहासच का’ हे तिथे मनापासून सांगता आलं पाहिजे. इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशनची शिष्यवृत्ती तीस वर्षांखालच्यांसाठी आहे आणि मानव्यविद्यांकडे ते आपुलकीने बघतात. ऑक्सफर्ड आणि सोआसला जाणाऱ्यांनी फेलिक्स शिष्यवृत्ती बघावी. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट आहे. अमेरिकेसाठीच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स शिष्यवृत्तीला तीन वर्षांचा अनुभव लागतो. तिथे विषयांची यादी ठरलेली असते, पण वारसा जतन आणि संग्रहालयशास्त्र हा इतिहासाच्या विद्यार्थ्याला जवळचा रस्ता त्यात आहे.

अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या अटी दरवर्षीच्या जाहिरातीत आणि शासन निर्णयात शब्दशः वाचा, विशेषतः विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची. इथे मात्र एक सावधगिरीचा इशारा. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय वगळले गेले. इतिहासाच्या विद्यार्थ्यांवर हा मोठा अन्याय आहे असं मला वाटतं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले आणि १९१५ मध्ये त्यांनी एमएसाठी प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहिला. या सूचना तेव्हा असत्या तर तो विषय बसला नसता. तुम्ही या योजनेवर विसंबून असाल तर यंदाच्या सूचना वाचूनच विषय आणि विद्यापीठ ठरवा. राज्यातल्या इतर समाजांसाठीच्या परदेश शिष्यवृत्त्या, सारथीची धरून, त्याही त्याच वेळी पाहून घ्या.

व्हिसा

ब्रिटनसाठी विद्यापीठाकडून कॅस, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचा क्रमांक, मिळाल्यावर अर्ज होतो. लागणारी रक्कम खात्यात सलग २८ दिवस पडून असली पाहिजे, एक दिवस जरी कमी भरली तरी नकार येऊ शकतो. पैसे आईवडिलांच्या खात्यात असतील तर त्यांचं संमतिपत्र आणि तुमचा जन्मदाखला जोडावा लागतो. वॉर्ड ऑफिसचं काम आधी उरका म्हटलं ते यासाठीच. क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तो अर्जाबरोबरच भरायचा. शिक्षणानंतर राहण्याचा ग्रॅज्युएट व्हिसा आतापर्यंत दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएचडीवाले सोडून, तो अठरा महिन्यांचाच मिळेल.

जर्मनीला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारं खातं) वर्षाचे पैसे आधी भरावे लागतात, २०२४ पासून ११,९०४ युरो. अमेरिकेला विद्यापीठाचा आय-२० हा प्रवेशाचा फॉर्म आल्यावर सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची ३५० डॉलर फी भरून बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत होते. तिथे तुमचं संशोधन दोन साध्या वाक्यांत सांगता यायला हवं, याचा घरी सराव करा. इतिहास विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत नसल्याने शिक्षणानंतर कामाची परवानगी बारा महिन्यांचीच, दोन वर्षांची वाढ मिळत नाही.

तिथे पोचल्यावर

पहिल्या सत्रात वाचनाचा मारा असतो, आठवड्याला दोन-तीनशे पानं सहज. सगळं ओळीने वाचायचं नसतं. प्रस्तावना, समारोप आणि एक प्रकरण नीट वाचून लेखकाचा मुद्दा काय, पुरावा काय, हे चर्चावर्गात मांडायचं असतं. गप्प बसण्याची आपली सवय पहिल्याच आठवड्यात मोडा. नोंदी ठेवायला झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर जाण्याआधीच शिकून घ्या.

लंडनमध्ये असाल तर पहिल्या पंधरवड्यात ब्रिटिश लायब्ररीचं वाचककार्ड काढा. इंडिया ऑफिसच्या संग्रहात सुरतेच्या वखारीचे कागद जी/३६ या क्रमांकाखाली आणि मुंबईचे जी/३ खाली आहेत. हे क्रमांक मुंबईत असतानाच टिपून नेले तर तिथला पहिला दिवस कामी लागतो. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर ग्रंथालयाच्या सेवा टप्प्याटप्प्याने परत आल्या आहेत, त्यामुळे हवा तो खंड उपलब्ध आहे का, हे आधी विचारून मगच जा. इराणी आखाताशी मुंबई सरकारचा पत्रव्यवहार कतार डिजिटल लायब्ररीवर फुकट वाचता येतो, त्यासाठी लंडनला जाण्याचीही गरज नाही.

घरच्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे येतं. परत येऊन एमएवर कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा द्यावी लागेल आणि पदवीची समकक्षता दाखवावी लागेल. ब्रिटनच्या एक वर्षाच्या एमएला भारताने जुलै २०२२ च्या कराराने मान्यता दिली आणि परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे यूजीसीचे नवे नियम एप्रिल २०२५ मध्ये आले. संग्रहालयं, पुराभिलेखागारं, वारसा जतनाच्या सल्लागार संस्था, प्रकाशन, पत्रकारिता या वाटाही आहेत, फक्त त्यांत पगार हळूहळू वाढतो. तिथून निघताना मूळ प्रमाणपत्र, ट्रान्स्क्रिप्ट आणि अभ्यासक्रमाचं सविस्तर पत्रक विद्यापीठाच्या शिक्क्यासह घेऊन या. मुंबईत बसून ते मागवायचं म्हटलं तर फार महिने जातात.